विंचू, विकर आणि एक स्वस्त गोळी

दसरा-दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातली गावं रिकामी होऊ लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी लेकरंबाळं, भांडीकुंडी घेऊन ऊसतोडीला निघतात. तिकडं फडाजवळच्या कोप्या, पाचटाचे ढीग, जळणाची लाकडं आणि रात्री जमिनीवरच अंथरूण. मागं राहिलेल्यांच्या वाट्याला बालाघाटाच्या कडेचं मुरमाड रान, दगडी बांध, जुन्या भिंती. लाल विंचवाला दोन्हीकडं मनाजोगती जागा मिळते. त्याच्या दंशाची गोष्ट पेशीतल्या एका विकरापाशी येऊन ठेपते, म्हणून त्या विकराचा मागोवा या मातीतूनच घ्यावा असं मला वाटतं.

विकराचं नाव फॉस्फोलिपेज सी. पेशीच्या पटलातले ठरावीक मेदरेणू तोडणं हे त्याचं काम. ते त्यानं कधी आणि किती करायचं, यावर पेशीचा कडक लगाम असतो.

या लगामाचा पहिला सुगावा १९५३ मध्ये लागला. मॉन्ट्रिअलमध्ये मेबल आणि लोवेल होकिन हे दांपत्य कबुतराच्या स्वादुपिंडाच्या चकत्यांवर काम करत होतं. चकत्यांवर अॅसिटिलकोलीन टाकलं की किरणोत्सारी फॉस्फरस झपाट्यानं पटलाच्या मेदात शिरताना दिसे. बाहेरून आलेल्या संदेशानं पटलातला मेद हलतो, एवढं कळलं; कशासाठी, हे वीसेक वर्षं उमगलं नाही. १९७५ मध्ये रॉबर्ट मिशेल यांनी त्याचा संबंध कॅल्शियमशी जोडला. १९८३ मध्ये मायकेल बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की मेदरेणू तुटल्यावर सुटणारा आयपी-थ्री हा तुकडा पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम मोकळं करतो. रक्तवाहिनीच्या स्नायूत ते कॅल्शियम पसरलं की वाहिनी आवळते.

याच काळात कोकणात माणसं मरत होती. विंचू चावल्यावर फुफ्फुसात पाणी होऊन मृत्यू येतो, हे पी. एम. मुंडले यांनी १९६१ मध्येच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलं होतं. पण उपाय हाती नव्हता. १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर रुजू झाले. मूळचे ते आजच्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, म्हणजे मराठवाड्याचेच. ते रात्र-रात्र रोग्याच्या उशाशी बसून नोंदी ठेवत. उलटी, घामानं चिंब अंग, तोंडातून लाळ, थंडगार हातपाय, चढलेला रक्तदाब. पुढं धाप आणि गुलाबी फेस. या आगाऊ खुणांवरचा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. हे निरीक्षण मला कुठल्याही प्रयोगशाळेतल्या शोधाइतकंच मोलाचं वाटतं. बिरवाडीत मदतीला महागडी यंत्रं नव्हती. नाडी, रक्तदाब आणि डोळे एवढ्यावरच सगळं चाललं होतं.

विंचवाचं विष मज्जातंतूंवरची सोडियमची दारं उघडी ठेवतं. मग नॉरअॅड्रिनलीनचा लोंढा सुटतो आणि रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा-१ ग्राहकांवर आदळत राहतो. हे ग्राहक आतल्या फॉस्फोलिपेज सीला कामाला लावतात. वाहिन्या आवळतात, हृदयाला रक्त पुढं ढकलणं जड जातं आणि ताण फुफ्फुसांवर येतो. हे अल्फा-१ ग्राहक अडवणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी तेव्हा बाजारात होती. बावस्करांनी ती विंचूदंशात वापरून पाहिली आणि १९८६ मध्ये पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. पूर्वी गंभीर रोग्यांतले ३० टक्क्यांच्या आसपास दगावत. प्राझोसिननंतर त्यांच्या नोंदींत हे प्रमाण १ टक्क्यावर आलं.

साल ध्यानात घेण्यासारखं आहे. अल्फा-१ ग्राहक फॉस्फोलिपेज सीला नेमका कोणत्या प्रथिनामार्फत हुकूम देतो, हे १९८६ मध्ये कुणालाच सांगता येत नव्हतं. ते जी-क्यू नावाचं प्रथिन १९९०-९१ मध्ये उजेडात आलं. १९९२ मध्ये आणखी एक गोष्ट समजली, आणि या साऱ्या कथेत मला ती सर्वांत सुंदर वाटते. फॉस्फोलिपेज सी-बीटा जी-क्यूचा हुकूम पाळतो आणि त्याच वेळी जी-क्यूला लवकर विझवतोही. लगाम असा विकराच्याच अंगात आहे. निरोगी शरीरात एक संदेश आला, काम झालं की सगळं शांत होतं. विंचूदंशात मात्र जी-क्यू विझतो न विझतो तोच नॉरअॅड्रिनलीन त्याला पुन्हा चेतवतं. विझवण्याची सोय शाबूत असूनही तोकडी पडते. प्राझोसिन विकराला हातसुद्धा लावत नाही. त्याच्यापर्यंत येणारा हुकूम ती पटलाच्या बाहेरच थोपवते.

गोळीनं विष उतरत नाही, ही उणीव राहिलीच होती. २०११ मध्ये बावस्कर दांपत्यानं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ७० रोग्यांवरची चाचणी छापली. प्राझोसिनसोबत विंचवाची प्रतिलस दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण सावरले. नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८. लशीनं रक्तातलं विष बांधलं जातं आणि गोळीनं तोवर वाहिन्या सैल राहतात. पहिल्या गोळीनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रोग्याला आडवंच ठेवावं लागतं.

डॉ. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. आष्टीच्या ऊसतोड कुटुंबाला विंचू चावतो तेव्हा ते कदाचित गावापासून खूप दूर, फडात असतं. त्यामुळे ही गोळी आणि ही लस जशी आष्टीच्या आरोग्य केंद्रांत हवी, तशीच साखर कारखान्यांच्या परिसरातल्या केंद्रांतही गळीत हंगाम सुरू होण्याआधी पोचलेली हवी.