लग्नाची फुलं : पैसे कुठे जातात, कुठे वाचतात

• सुटी फुलं : झेंडू, शेवंती, गुलछडी. किलोवर मिळतात. तोरणं, माळा, हार यांतच भागतात.

• काडीची फुलं : डच गुलाब (गड्डीत २० नग), जर्बेरा (१०), ग्लॅडिओलस. मंचाची सजावट यांचीच, बिलाचा फुगवटाही बहुधा इथलाच. ऑर्चिड बरंचसं थायलंडहून येतं.

• गुलछडी : सिंगल पाकळीची हाराला, वासही जास्त. डबल काडीसाठी.

• चढे दिवस : गणपती, दसरा, दिवाळी, मार्गशीर्षातले गुरुवार. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त दाटले की पुन्हा. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात मावळातला डच गुलाब व्हॅलेंटाइनसाठी परदेशी जातो. तेव्हा मंचाला जर्बेरा किंवा शेवंती.

• खरेदी : दादरची फूल मंडई, पुण्यात गुलटेकडीचा मार्केट यार्ड. चांगला माल पहाटे.

• झेंडू पारखताना : फूल उलटं करून देठाशी दाबावं. तिथे काळपट, ओलसर लागलं तर माल भिजलेला. वजनाला भरतो, संध्याकाळपर्यंत पाकळ्या सोडतो.

• हार : तयार हारात ओवणाऱ्याची मजुरी धरलेली असते. वरमाला सोडून बाकीचे घरी ओवता येतात. सुई-दोरा आणि चार आत्या-मावश्या पुरतात.