पिशवी कुणी आणायची?

महाराष्ट्रातली प्लास्टिक पिशव्यांवरची सरसकट बंदी 23 जून 2018 पासून प्रत्यक्ष अमलात आली. त्या वर्षीच्या गुढीपाडव्याच्या सुमारास जाहीर झालेल्या या निर्णयाची अधिसूचना 23 मार्चला निघाली होती. घरातला आणि दुकानातला साठा संपवण्यासाठी आधी एक महिन्याची मुदत होती, ती पुढे तीन महिन्यांपर्यंत वाढवली गेली. पिशवी हँडलची असो वा बिनहँडलची, पातळ असो वा जाड, तिचे उत्पादन, साठवण, वाहतूक, विक्री आणि वापर या सगळ्यालाच बंदी आली. थर्माकोलच्या आणि प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचेही याच यादीत होते. पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये, दुसऱ्याला 10,000 आणि तिसऱ्याला 25,000 रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा ठरली.

यावर लोकांत जे पडसाद उमटले, त्यांना नुसता विरोध किंवा नुसते स्वागत म्हणता येत नाही. गटारे तुंबवणारी, गुरांच्या पोटात जाणारी पिशवी हवीच, असे म्हणणारा माणूस सापडणे कठीण होते. वाद होता तो तिच्याशिवाय बाजार कसा करायचा यावर. पिशवी गिऱ्हाइकाने आणायची की दुकानदाराने द्यायची, या जुन्या प्रश्नाचे उत्तर समाज विसरून गेला होता. बंदीने तो पुन्हा समोर आणला.

पिशवी दुकानदाराकडे कशी गेली

प्लास्टिक येण्याआधी या प्रश्नाचे उत्तर ठरलेले होते. बाजाराची पिशवी घरातून निघे. दाराआडच्या खुंटीवर ती कायम टांगलेली असे. वाणसामान रद्दीच्या कागदाच्या, दोऱ्याने बांधलेल्या पुड्यांत मिळे. तेलाला बरणी, दुधाला किटली, मासळीला डबा किंवा टोपली न्यावी लागे. वस्तू कशातून न्यायची ही जबाबदारी विकत घेणाऱ्याची, हे गृहीतच होते.

आज ओळखीची असलेली, वर दोन कान असलेली पातळ पिशवी ही स्वीडनमधल्या सेलोप्लास्ट कंपनीची देणगी. तिथले अभियंते स्टेन गुस्ताफ थुलिन यांच्या रचनेला 1965 मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. एका अखंड नळीसारख्या प्लास्टिकला जोड देऊन आणि कापून तयार होणारी ही पिशवी अगदी हलकी, पाण्याला दाद न देणारी आणि स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट ओझे पेलणारी होती. ती इतकी स्वस्त होती की दुकानदाराला फुकट देणे परवडे. शेजारचा देतो म्हटल्यावर न देणाऱ्याचे गिऱ्हाईक तुटे, म्हणून सगळेच देऊ लागले. पुढे रिकाम्या हाताने बाजारात जाणे ही सोय राहिली नाही, ती रीत झाली. गिऱ्हाईक मागते म्हणून द्यावी लागते, असे विक्रेता म्हणे. दुकानदार देतो म्हणून घेतो, असे गिऱ्हाईक म्हणे. दोघांचेही म्हणणे खरे असल्यामुळे सुरुवात कुणीच करत नव्हते.

पुरापासून बंदीपर्यंत

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मुंबई बुडाली. मिठी नदीचे आक्रसलेले पात्र, खारफुटीवरची भर, अपुरी पर्जन्यजलवाहिनी अशी कारणे त्यामागे होती. पण नाल्यांतून उपसलेल्या पिशव्यांचे ढीग सर्वांनी डोळ्यांनी पाहिले. बांगलादेशातही पुराच्या काळात पिशव्यांनी गटारे तुंबल्याचा अनुभव होता. त्या देशाने 2002 मध्ये पातळ पिशव्यांवर देशव्यापी बंदी घातली, ती जगातली पहिली. मुंबईच्या पुरानंतर महाराष्ट्रातही कायदा झाला आणि 2006 च्या नियमांनी 50 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी बाद ठरवली.

हा नियम लोकांपर्यंत पोहोचलाच नाही. 50 मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. हातातली पिशवी 40 मायक्रॉनची आहे की 50 ची, हे ना भाजीवालीला कळते ना गिऱ्हाइकाला. जो नियम पाळला की मोडला हे पाळणाऱ्यालाच कळत नाही, त्याची सवय लागत नाही. 2018 च्या सरसकट बंदीचे बळ नेमके इथे होते. जाडी मोजण्याची गरज उरली नाही. हातात पिशवी दिसली की ती चूक, एवढे साधे सूत्र लहान मुलालाही कळण्यासारखे होते.

हवाही अनुकूल होती. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर 2015 पासून वकील अफरोज शाह यांच्या पुढाकाराने स्वयंसेवक दर आठवड्याला कचरा उचलत होते. 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शाह यांना पर्यावरणाचा सर्वोच्च सन्मान दिला, आणि मार्च 2018 मध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. त्या वर्षीच्या जागतिक पर्यावरण दिनाचे यजमानपद भारताकडे होते आणि विषय प्लास्टिक प्रदूषणाचा होता.

पहिले आठवडे

अंमलबजावणी सुरू होताच मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक या शहरांत महापालिकांची पथके दुकानांतून आणि मंडयांतून फिरू लागली. दंडाच्या भीतीने लोकांनी घरातल्या पिशव्यांचे गाठोडे संकलन केंद्रांवर नेऊन दिले. बाजारात कापडी पिशव्या दिसू लागल्या, मटणाच्या आणि मासळीच्या दुकानात गिऱ्हाईक स्टीलचा डबा पुढे करू लागले. कित्येक ज्येष्ठांना यात नवे काही वाटलेच नाही. त्यांच्या उमेदीच्या काळातली रीत परत आली होती.

तक्रारीही तितक्याच खऱ्या होत्या. बंदी अमलात आली ती ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. कागदी पिशवी पहिल्याच सरीत विरघळते आणि भिजलेल्या कापडी पिशवीतून पीठ-साखर नेता येत नाही. कामावरून परस्पर मंडईत जाणाऱ्या नोकरदाराला सकाळीच पिशवी आठवणीने घ्यावी लागे. ज्याला दिवसाची मजुरी मिळाल्यावरच काय घ्यायचे ते ठरवता येते, त्याच्यासाठी हे आणखी अवघड होते. ओल्या मासळीला कापडी पिशवी चालत नाही, हा कोळणींचा मुद्दा होता. आणि सर्वांत मोठा रोष दंडावर होता. दिवसाला काही शे रुपये कमावणाऱ्या भाजीवालीला आणि मोठ्या दुकानाला पहिला दंड सारखाच, 5,000 रुपयांचा. कारखाने आणि घाऊक विक्रेते मोकळे राहतात आणि हातगाडीवाला सापडतो, ही भावना बाजारात सगळीकडे ऐकू येत होती.

किराणा दुकानदारांचा आक्षेप वेगळा होता. मोठ्या कंपन्यांचा बिस्किटपुडा, चिप्सचे पाकीट, शाम्पूची पुडी प्लास्टिकमध्येच येते आणि कायद्यात बसते; मग दुकानात सुटी डाळ भरून दिली की गुन्हा कसा, असे ते विचारत होते. हा प्रश्न तर्काला धरून होता आणि सरकारला तो टाळता आला नाही. पिशव्यांच्या कारखानदारांनी हजारो कोटींच्या नुकसानीचा आणि लाखो रोजगार जाण्याचा दावा करत मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली होती. पण एप्रिल 2018 मध्येच न्यायालयाने बंदीला स्थगिती नाकारली होती. गणेशोत्सवासाठी थर्माकोलच्या मखरांना सवलत मिळावी, ही कारागिरांची मागणीही जुलैमध्ये फेटाळली गेली.

ज्यांच्या हाताला या निर्णयाने काम मिळाले, तेही याच समाजातले होते. शिवणयंत्र असलेल्या घरांना आणि महिला बचत गटांना कापडी पिशव्यांची कामे येऊ लागली. पत्रावळी आणि द्रोण पुन्हा कार्यालयांच्या पंगतींत दिसले. कचरावेचकांच्या दृष्टीने मात्र पातळ पिशवी आधीपासूनच निरुपयोगी होती. दुधाची पिशवी आणि पाण्याची बाटली भंगारात विकली जाते, म्हणून ती उचलली जाते; भाजीची मळकी, चिकट पिशवी कुणी विकत घेत नाही, म्हणून ती नाल्यात जाते. म्हणूनच अधिसूचनेने दुधाची पिशवी चालू ठेवली आणि रिकामी परत केल्यास 50 पैसे देण्याची तरतूद केली. परतीची ही व्यवस्था दुकानादुकानांत उभी राहिली नाही, ही या धोरणाची मोठी उणीव ठरली.

सवलती आणि सैलावलेली पकड

अंमलबजावणीला जेमतेम आठवडा होत असतानाच पहिली सवलत आली. किरकोळ दुकानांतल्या किराणा मालाच्या वेष्टनासाठी 50 मायक्रॉनपेक्षा जाड प्लास्टिकला अटींसह परवानगी मिळाली. दुकानदारांची अडचण दूर झाली, पण मायक्रॉनचा घोळ मागच्या दाराने परत आला. दुकानात दिसणारे प्लास्टिक परवानगीचे आहे की बंदीचे, हे पुन्हा कुणाला कळेना. काही महिन्यांत पथकांच्या फेऱ्या विरळ झाल्या आणि मंडईतल्या टोपलीखालून पातळ पिशवी हळूच बाहेर येऊ लागली. 2020 मध्ये करोनाच्या साथीत संसर्गाच्या भीतीने एकदा वापरून टाकायच्या वस्तूंना नव्याने मागणी आली.

1 जुलै 2022 पासून केंद्र सरकारने कांड्या, स्ट्रॉ, पेले, चमचे अशा एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या वस्तूंवर देशभर बंदी घातली. पिशव्यांसाठी मात्र केंद्राने जाडीचाच मार्ग ठेवला: आधी 75 आणि 2022 च्या अखेरपासून 120 मायक्रॉन. महाराष्ट्राने त्याच सुमारास 60 ग्रॅम प्रति चौरस मीटर किंवा त्याहून जाड नॉनवोव्हन पिशव्यांना परवानगी दिली. दिसायला कापडी असणारी ही पिशवी पॉलिप्रॉपिलिनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. ती कापडाची समजून घेणारे गिऱ्हाईक आजही असंख्य आहेत.

इतर देशांतली उत्तरे

आयर्लंडने मार्च 2002 मध्ये बंदी न घालता प्रत्येक पिशवीवर 15 सेंट कर लावला. पिशव्यांचा वापर सुमारे नव्वद टक्क्यांनी घसरला आणि लोकांनी तो कर मनापासून स्वीकारला. तिथे खरेदी मुख्यतः पावती देणाऱ्या दुकानांतून होते, त्यामुळे कर वसूल करणे सोपे होते. केनियाने ऑगस्ट 2017 मध्ये चार वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा असलेली बंदी आणली आणि ती कसोशीने राबवली. बांगलादेशात मात्र 2002 ची बंदी कागदावर विरत गेली. 2024 मध्ये तिथल्या सरकारला आधी सुपरशॉपमध्ये आणि मग बाजारांत ती नव्याने लागू करावी लागली. लोकांचा हेतूला पाठिंबा सगळीकडेच होता. नियम रोज दिसत राहिला तिथे सवय बदलली, दिसेनासा झाला तिथे जुनी सवय परतली.

कापडी पिशवीचा हिशेब

पर्यायालाही किंमत असते. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेच्या 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, हवामानावरचा परिणाम पाहता नव्या सुती पिशवीने एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायची तर ती 131 वेळा वापरावी लागते. कापूस पिकवायला पाणी, खत आणि वीज लागते. या हिशेबात समुद्रात आणि नाल्यात जाणाऱ्या कचऱ्याचे नुकसान धरलेले नाही, तरी त्यातला धडा महत्त्वाचा आहे. समारंभात वाटलेल्या, कपाटात पडून राहिलेल्या दहा कापडी पिशव्यांनी पर्यावरणाचे भले होत नाही. एकच पिशवी वर्षानुवर्षे वापरली तर होते. आणि ती जुन्या साडीची, अभ्र्याची किंवा पँटची शिवलेली असेल तर नव्या कापसाचा प्रश्नच येत नाही. गोधडी शिवणाऱ्या घरांना हे कुणी शिकवावे लागत नाही.

2018 च्या प्रतिक्रियांतून जबाबदारीची वाटणी स्पष्ट होते. गिऱ्हाइकाने पिशवी घरून आणायची. गिऱ्हाइकाने मागितली तरी विक्रेत्याने द्यायची नाही, आणि शेजारचा देणार नाही याची खात्री प्रशासनाने त्याला द्यायची. ही खात्री मंडईतल्या छाप्याने मिळत नाही, कारखान्याच्या आणि घाऊक गोदामाच्या दारावरच्या तपासणीने मिळते. ओल्या मालासाठी, पावसासाठी आणि विसरून आलेल्या माणसासाठी बाजारातच स्वस्त, परत करता येणारी पिशवी मिळायला हवी. दंड कमाईच्या प्रमाणात हवा. यातला पहिला भाग लोकांनी काही आठवडे करून दाखवला. बाकीचा भाग व्यवस्थेकडून अजून व्हायचा आहे.