थेंब तुटेपर्यंत

सकाळी ६.१५. शटर वर करायच्या आधीच मामा बाकड्यावर उठून बसले होते. रात्री टोचन लावून ट्रॅक्टर आणून सोडला आणि ते इथंच आडवे झाले. त्यांचं गाव जळकोटच्या पलीकडं, आमचं गॅरेज नळदुर्गात, सोलापूर-हैदराबाद रस्त्यालगत. मृगानं आठ दिवस ओढ दिली होती. या आठवड्यात दोन चांगले पाऊस झाले आणि आज रानाला वाफसा आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो. मामांनी तेवढी कळ काढली. फुले संगम बियाण्याच्या पिशव्या घरात रचून ठेवल्यात आणि ट्रॅक्टर माझ्या दारात.

हे इंजिन मीच बांधलंय. बारा दिवसांपूर्वी चारही लायनर-पिस्टन, रिंगा, मेन आणि बिग-एंड बेअरिंग, सोलापूरहून व्हॉल्व्ह बसवून आलेलं हेड, सगळं माझ्या हातून गेलं. त्या दिवशी सेलवर उठेना, म्हणून दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून चालू केलं. मी मामांना म्हणालो, “नव्या रिंगा जड असतात, चार दिवस चालवा, मोकळं होईल.” तेव्हापासून मामा रोज सकाळी शेजाऱ्याच्या दारात टोचनसाठी उभे राहतात. हे त्यांनी मला काल सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात नाही.

६.३०. गार इंजिनावरचा पहिला सेल फार मोलाचा. रात्रभरात गार झालेलं इंजिन जे सांगतं ते दिवसभर पुन्हा सांगत नाही. म्हणून मामांना म्हटलं, कशाला हात लावू नका. मी सायलेन्सरपाशी उभा राहिलो आणि हाताखालच्या पोराला सेल मारायला सांगितलं. इंजिन जोरात फिरलं, म्हणजे बॅटरी-स्टार्टर ठीक. सायलेन्सरातून पांढरा धूर, दाट. एकदा धडधडलं, दोनदा, मग गप्प. धुरावर तळवा धरला. ओलसर झाला, वास कच्च्या डिझेलचा. पाण्याची वाफ असती तर वास वेगळा आला असता आणि रेडिएटरही उणा दिसला असता. तो काठोकाठ होता.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे डिझेल आत जातंय पण पेटत नाही. पोरगं आयटीआयला मेकॅनिक डिझेलचा वर्षाचा कोर्स करून आलंय, त्याला हे तोंडपाठ आहे. मी त्याला म्हटलं, पाठ आहे ते बरं आहे, आता वासही लक्षात ठेव.

७.३०. चहा. मामांनी विचारलं, “मिस्त्री, परत खोलावं लागतंय का ओ?”

“लगेच नाही मामा. आधी बाहेरनं बघू.”

बांधलेलं इंजिन बिघडलं की हात आपोआप हेडच्या नटांकडं जातात. मला हे पटत नाही. जे पाच मिनिटांत बघता येतं ते आधी, जे खोलायला दिवस जातो ते शेवटी. हेड एकदा उचललं की गॅसकेट गेलं, पैसे गेले, आणि मूळ दोष कुठं होता ते कायमचं झाकलं गेलं.

८.००. फिल्टरचा हवा काढायचा स्क्रू सैल केला, हातपंप मारला. चार-पाच बुडबुडे आले, मग सलग धार. नोझलकडचे चारही पाइप सैल करून सेल मारला, चारही ठिकाणी डिझेल उडालं. म्हणजे हवा नाही, पुरवठा आहे.

९.००. टॅपेट. फायरिंग १-३-४-२. चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह हलते-झुलते झाले की एक नंबरचे तपासायचे, मग तसंच पुढं. दोन नंबरचा एक्झॉस्ट फीलरला जरा घट्ट लागला. ढिला केला, सेल मारला. तोच पांढरा धूर.

१०.१५. चारही नोझल काढले. तीन नंबरचा हातात घेतल्याबरोबर खटकलं. बाकीच्यांचं फक्त टोक काळं होतं, याच्या अंगावर वरपर्यंत काजळी चढली होती. बॅटरी लावून भोकात पाहिलं. तळाशी तांब्याचं जुनं वॉशर चिकटलेलं होतं आणि त्याच्यावर मी नवं घातलं होतं. नोझल वॉशरभर उंच बसला, कडेनं गॅस निसटत होता. वाकडी तार घालून जुनं वॉशर ओढून काढलं. काळं, पातळ, पैशाएवढं. चूक माझीच, मामांना दाखवली. पण चारांतल्या एका सिलिंडरच्या गळतीनं एवढा धूर होत नाही, हेही त्यांना सांगितलं.

नोझल हातपंपाच्या टेस्टरवर लावले. २०० किलोच्या वर दाब गेला की कर्रर्र आवाज करत बारीक फवारा उडाला. चारही चांगले.

११.००. त्याच भोकांत कॉम्प्रेशन गेज. चारही सिलिंडर ४०० पौंडाच्या आसपास, एकमेकांत फारसा फरक नाही. रिंगा बसल्या होत्या, व्हॉल्व्ह धरत होते, हेड गॅसकेट शाबूत होतं. खोलण्यासारखं आत काही नव्हतं. उरलं फक्त टायमिंग.

१२.३०. जेवण. मामांनी डबा उघडला नाही. दोन फोन आले, दोन्ही पेरणी कधी म्हणून.

१.१५. आता मुख्य काम, आणि ते घाईनं होत नाही. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. हवा सोळा-अठरा पट दाबली की ती ५०० अंशांच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नेमक्या क्षणी फवारा पडला की पेट घेतो. रुडॉल्फ डिझेलनं १८९७ साली ऑग्सबुर्गमध्ये चालवून दाखवलेलं तत्त्व आजही तेच आहे. तो क्षण पंप ठरवतो. बंगळूरला १९५१ साली मायको कंपनी सुरू झाली आणि तिचे पंप इतके पसरले की जुने मिस्त्री अजून कुठल्याही पंपाला मायकोच म्हणतात.

पंपाच्या पहिल्या खान्याचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढली, होल्डर परत बसवला, त्याला बगळ्याच्या मानेसारखा वाकडा पाइप लावला. रेस पूर्ण ओढून ठेवली. टाकीतलं डिझेल पाइपातून वाहू लागलं. फ्लायव्हीलच्या खिडकीवरचं झाकण काढलं. पोरगं खाली पुलीच्या नटाला पाना लावून बसलं, मी पाइपाच्या तोंडाशी.

“हळू. केसभर.”

धार बारीक झाली. मग थेंब. एक थेंब टोकाशी फुगतो, लांबतो, पडतो. दुसरा जरा उशिरा. तिसरा फुगतच राहतो. पंपातला प्लंजर वर चढून भोक झाकतो तेव्हा वाट बंद होते, आणि थेंब तुटतो त्या क्षणी त्या सिलिंडरला फवारा सुरू होतो. त्या वेळी खिडकीत इंजेक्शनची खूण दिसायला पाहिजे. मी वाकून पाहिलं. ती केव्हाच पुढं निघून गेली होती. खिडकीत वरच्या टोकाची, टीडीसीची खूण येऊन ठेपली होती.

पुली थोडी मागं घेऊन परत पुढं आणली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मामांना पाहायला बसवलं. “थांबला,” ते म्हणाले, आणि खूण तिथंच.

म्हणजे पिस्टन वर पोचल्यावर फवारा सुरू व्हायचा, तो खाली निघाला की हवा निवायची आणि डिझेल न जळताच धूर होऊन बाहेर. टोचननं इंजिन जोरात फिरतं, हवेची उष्णता निसटायला वेळ मिळत नाही, म्हणून ओढलं की उठायचं. एकदा तापलं की दिवसभर चालायचं, पण चढाला दम टाकायचं आणि सायलेन्सर भाजायचा. “मोकळं होईल” हे माझं बोलणं त्यामुळंच खरं वाटत राहिलं, मला आणि त्यांना.

२.३०. पंपाच्या फ्लँजची भोकं लांबट असतात, तेवढा पंप फिरवून पाहिला. कडेला टेकला तरी पुरेना. क्रँकच्या गियरला ३० दात धरले तर एक दात म्हणजे १२ अंश. चुकायला एवढं अंतर बरोबर होतं. रेडिएटर, पंखा, पुली, पुढचं कव्हर, सगळं उतरवलं.

गियरवरचे ठिपके जुळत नव्हते. पोरगं लगेच म्हणालं, “दादा, सापडलं.” त्याला थांबवलं. मधला आयडलर गियर असला की एकदा बरोबर बसवलेले ठिपकेसुद्धा इंजिन फिरल्यावर हलतात, पुष्कळ फेऱ्यांनंतर पुन्हा समोरासमोर येतात. नुसते ठिपके पाहून निकाल द्यायचा नाही. एक नंबर टीडीसीवर घेतला, आयडलर काढला, क्रँक आणि कॅम खुणेवर आणले. पंप मात्र एक दात मागं राहिला.

इंजिन बांधलं त्या रात्री कव्हर बसवताना लाइट गेली होती. फोनच्या उजेडात मी आयडलर सरकवला होता. बाकी कारण शोधायची गरज नाही.

५.४५. कव्हर बंद. पुन्हा वाकडा पाइप, पुन्हा थेंब. या वेळी थेंब तुटला आणि खिडकीत इंजेक्शनची खूण रेषेवर उभी होती. नोझलना नवी वॉशर घातली. भोकं आधी बॅटरीनं पाहिली, चारही.

७.१०. हवा काढली, सेल मारला. दुसऱ्या दाबालाच उठलं. धूर क्षणभर पांढरा, मग नाहीसा. मामा टॅपेटकडं कान देऊन उभे राहिले, हात मडगार्डवर.

“आता निघू का?”

“अजून नाही. गार होऊ द्या मामा. गारावर उठलं तरच न्या.”

त्यांना ते अवघड गेलं, दिसत होतं. तरी बसले. डबा तेव्हा उघडला.

रात्री १०.००. ब्लॉकला तळवा लावला, जेमतेम कोमट. सेल मामांनाच मारायला लावला. एका सेलमध्ये उठलं. त्यांनी बंद केलं, परत मारलं, परत उठलं. मजुरी मी घेतली नाही. गॅसकेट आणि वॉशरचे पैसे त्यांनी बाकड्यावर ठेवले, ते मी परत केले.

हेडलाइट एकच लागत होता. हायवेवर रात्रीच्या ट्रकांत तसं सोडवेना, म्हणून दुसऱ्या बाजूला बॅटरी तारेनं बांधून दिली आणि मडगार्डवर बसून त्यांच्या फाट्यापर्यंत गेलो, कान इंजिनाकडं. चढाला त्यांनी गियर बदलला नाही.

फाट्यावर उतरलो. मामा म्हणाले, “पहाटे चारला टिफण लावतो बगा.” मी मागून येणाऱ्या टेम्पोला हात केला.