समुपदेशकाची फी किती, पहिल्या दिवशी काय होतं? खासगी सेशन लावण्याआधी हे वाचा

नांदगाव पेठ : रात्र रात्र झोप नाही, छातीत धडधडतं, कामात मन लागत नाही. मग कोणीतरी सांगतं, अमरावतीले दाखवून ये. तिथं पहिला अडसर असतो ‘काय म्हन्तीन लोकं’ आणि दुसरा पैशाचा. पहिल्यावर पुष्कळ बोललं जातं. दुसऱ्यावर कोणी बोलत नाही, म्हणून आज पैशाचंच बोलू.

आधी माणूस ओळखा. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, तो गोळ्या लिहून देतो. बोलून उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ गोळ्या देत नाही. तो साधारण पाऊण तास तुमच्यासोबत बसतो, त्यालाच सेशन म्हणतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. तो बिनधास्त मागा. नुसती ‘समुपदेशक’ अशी पाटी कोणीही लावू शकतो, म्हणून शिक्षण काय ते विचाराच.

आता हिशेब. एका सेशनमध्ये काम होत नाही, बहुतेकदा आठवड्याला एक असे सहा-आठ तरी लागतात. समजा फी 700 रुपये (हा आकडा फक्त हिशेबासाठी), एसटी आणि ऑटोचे 100, बुडालेली रोजी 300. झाले 1,100. सहा वेळा गेलात तर 6,600. महिलांना एसटीत अर्धं तिकीट लागतं, तेवढं वाचेल. पण हे पैसे सावकाराकडून उचलून आणायचे असतील तर थांबा. ज्या टेन्शनसाठी चाललो त्यात आणखी एक भर कशाला?

फोनवरच विचारून घ्या : फी किती, किती मिनिटं, ऐनवेळी येता आलं नाही तर पैसे जातात का? दहा सेशनचं पॅकेज आधी भरा म्हणत असतील तर भरू नका. एका वेळी एकाचेच पैसे द्या, पावती घ्या. ऑनलाइन सेशन असेल तर फोन-पे करताना समोर आलेलं नाव तपासा. आणि ‘मला इतकंच जमते’ हे सांगायला लाजू नका, काही जण फी कमी करतात.

पहिल्या दिवशी झोप, जेवण, घरची माणसं, कर्ज, दारू, जीव द्यावासा वाटतो का, असं सगळं विचारतात. एकाच दिवशी सगळं सांगायची सक्ती नाही. आणि ते गावात फुटेल ही भीती असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. दोन-तीन सेशननंतरही त्या माणसाशी जमत नसेल तर दुसरा पाहा, त्यात त्याचा अपमान नाही.

आरोग्य विम्यातून पैसे मिळतात का? याच कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायला लावलं आहे. पण बहुतेक पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्यावरच पैसे देतात. ओपीडीतल्या सेशनचं कव्हर आहे का, हे एजंटला विचारण्यापेक्षा पॉलिसीच्या कागदात पाहा.

खरं सांगायचं तर आधी फुकटचं दार वाजवावं. ‘टेलि मानस’ला 14416 वर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. अमरावतीच्या इर्विनमध्ये दाखवता येतं. शेतकरी कुटुंबांसाठी सरकारचा ‘प्रेरणा’ प्रकल्प आहे, त्याचं आशाताईला विचारा. आपल्या एमआयडीसीत कामाला असाल आणि पगारातून ईएसआयसी कापली जात असेल, तर ते कार्ड घेऊन ईएसआयसीच्या दवाखान्यात आधी जा. त्याचे पैसे तुम्ही दर महिन्याला भरताच.

आपल्याच जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला होता. गावातच समुपदेशक आणि जवळ डॉक्टर, अशी सोय होती. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी 4.3 टक्के होते, दीड वर्षात ते 27.2 टक्क्यांवर गेले. 2017 मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त हे छापून आलं. म्हणजे आपले लोक उपचार घेतच नाहीत असं नाही. सोय गावापर्यंत आली तर घेतात.

घरातलं कोणी मरणाची भाषा करत असेल, तर मात्र फीचा हिशेब करत बसू नका. त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवून कुलपात ठेवा, 14416 लावा आणि त्याच दिवशी इर्विनला न्या. गाडी नसेल तर 108 बोलवा.