आरशासमोर उभे राहताना

मुलामुलींकडे अमेरिकेला निघालेले ज्येष्ठ नागरिक औषधांची यादी घेऊन दवाखान्यात येतात. शिकागोला जाणाऱ्यांना मी आवर्जून विचारतो, मिलेनियम पार्कमधले 'क्लाउड गेट' पाहणार ना?

१९५४ साली मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनीश कपूर यांची ही निर्मिती २००६ मध्ये पूर्ण झाली. पोलादाचे १६८ पत्रे जोडून ते असे घासले आहेत, की सांधा शोधूनही सापडत नाही. उंची सुमारे दहा मीटर, लांबी वीस मीटर, वजन शंभर टनांच्या आसपास. आकारावरून लोक त्याला 'बीन', म्हणजे घेवड्याचा दाणा म्हणतात. (आपल्याकडे त्याला राजमाच म्हटले असते!) आकाश, ढग आणि भोवतीच्या उंच इमारती त्यावर वाकून उतरतात. हे दृश्य आपण अवश्य पाहावे. मात्र आपल्या शरीराचा तोल कसा राहतो, हे जाणून पाहावे.

डोळे, अंतर्कर्ण आणि तळपायांची संवेदना या तिघांच्या आधारे मेंदू तोल सांभाळतो. वयोमानाने, आणि मधुमेहात विशेषच, तळपायांची जाणीव मंदावते. मग शरीर डोळ्यांवर अधिक विसंबू लागते, आणि येथे तर डोळ्यांचीच फसगत होते. सरळ इमारत वाकलेली दिसते, पायाखालची सपाट फरसबंदी फुगलेली भासते, आपल्या पाठीमागून जाणारा मनुष्य समोर तरंगताना दिसतो. नातवंडांना याची गंमत वाटते. पंचाहत्तरीच्या आजींना त्याच क्षणी भोवळ येऊ शकते.

खरी जपण्याची जागा कमानीखाली आहे. सुमारे बारा फूट उंचीच्या या कमानीतून आत गेले, की वरचा आरसा खोलगट होत जातो आणि प्रत्येक जण मान मागे टाकून वर पाहतो. अंतर्कर्णातील सूक्ष्म कण सरकल्यामुळे ज्यांना मान वळवताच काही सेकंद गरगरते, त्यांनी हा मोह टाळावा. इतरांनीही सोबत्याचा दंड धरून, पायांत थोडे अंतर ठेवून, मान बेताचीच उचलावी. गरगरू लागल्यास आरशाकडे न पाहता एखाद्या स्थिर वस्तूवर नजर ठेवावी आणि शक्य तितक्या लवकर बसावे. भोवळीबरोबर बोलणे अडखळले, एक वस्तू दोन दिसू लागली किंवा हातपायातील शक्ती गेली, तर वाट न पाहता ९११ या क्रमांकावर मदत मागावी.

पोहोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस झोपेचे वेळापत्रक विस्कटलेले असते. तेवढे जाऊ द्यावेत. सकाळची वेळ बरी, कारण गर्दी आणि चकाकी दोन्ही कमी असतात. बायफोकल चष्म्याच्या खालच्या भागातून पायरी धूसर दिसते. म्हणून चालताना केवळ दूरचे दिसणारा चष्मा जवळ असल्यास तोच लावावा. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी बाकावरून एकदम उठू नये.

आणि सोबतच्या मंडळींनी छायाचित्रासाठी आजी-आजोबांना "जरा मागे, अजून मागे" असे सांगत उलटे चालायला लावू नये. त्यांच्या शेजारी उभे राहून आरशाचाच फोटो घ्यावा. त्यात सगळे येतात.