सायलेन्सरच्या मातीत प्लॅटिनम असतं, मग सोनं गाळणाऱ्या भट्टीत ते का निघत नाही?

सकाळी इको गाडीला चावी मारावी आणि गाडीनं ट्रॅक्टरसारखा आवाज काढावा. खाली वाकून बघावं, तर सायलेन्सर गायब.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्र आणि गुजरातमधल्या अनेक गाडीमालकांवर ही वेळ आलीये. कुणी शाळेची मुलं सोडतं, कुणी दूध पोचवतं, कुणी बाजाराला भाजी नेतं. चोराला गाडी नको, टेप नको, बॅटरी नको. त्याला हवी असते सायलेन्सरमधली 'माती'. कारण त्या मातीत प्लॅटिनम असतं.

ही गोष्ट खरी आहे. पण तिच्यामागून एक अर्धवट गोष्टही फिरते. ती म्हणजे, भंगारातून ही माती आणायची, छोट्या भट्टीत वितळवायची आणि प्लॅटिनम काढून मालामाल व्हायचं.

खानदेशात हे कुणालाही पटकन पटेल. जळगाव म्हणजे सुवर्णनगरी. तिथला सराफ बाजार चोख सोन्यासाठी राज्यभर ओळखला जातो. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या शिरपूरच्या नावानं तर सोनं शुद्ध करणारी अख्खी रिफायनरी उभी राहिली, शिरपूर गोल्ड रिफायनरी. जिथं सोनं गाळणं जमतं, तिथं प्लॅटिनम गाळायला काय अडचण आहे?

अडचण आहे, आणि ती समजून घेतली तर पैसा आणि फुप्फुसं दोन्ही वाचतात.

ही माती नेमकी असते काय?

पेट्रोल किंवा सीएनजी गाडीच्या धुराच्या वाटेवर एक डबा बसवलेला असतो. त्याचं नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्याच्या आत मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं असलेला चिनी मातीसारखा ठोकळा असतो. त्या छिद्रांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा पातळ थर असतो आणि त्या थरात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या तीन धातूंचे कण बसवलेले असतात.

गरम धूर त्या छिद्रांतून जातो तेव्हा विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळालेल्या इंधनाचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं आणि नायट्रोजन ऑक्साइडमधून साधा नायट्रोजन बाहेर पडतो. हे सगळं घडवून आणताना धातू स्वतः खर्ची पडत नाहीत. म्हणूनच गाडी भंगारात निघाली तरी ते बऱ्याच प्रमाणात आत शिल्लक असतात.

भारतात एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल कारला हा डबा सक्तीचा झाला. त्याच्यासोबत शिसेविरहित पेट्रोल आलं, कारण शिसं या धातूंवर थर धरून त्यांना निकामी करतं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम देशभर लागू झाले आणि धुराची मर्यादा आणखी कडक झाली.

भाव एवढा का?

हे धातू जगात मोजक्याच ठिकाणी निघतात. प्लॅटिनम आणि ऱ्होडियमचा मोठा हिस्सा दक्षिण आफ्रिकेतून येतो, तर पॅलेडियमच्या बाबतीत रशियाही मोठा खेळाडू आहे. मार्च २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव औंसाला, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमला, २९ हजार डॉलरच्या आसपास गेला होता. पुढच्या दोन-तीन वर्षांत तो जोरात कोसळला, पण सायलेन्सरमध्ये 'माल' असतो ही बातमी तोवर गल्लीबोळात पोचली होती.

आता हिशोब बघा. दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत एक टन दगड फोडला तर हे धातू साधारण ३ ते ५ ग्रॅम मिळतात. कन्व्हर्टरच्या एक किलो मातीत ते ढोबळमानानं १ ते २ ग्रॅम असतात. म्हणजे ही माती खाणीच्या दगडापेक्षा कैक पटींनी श्रीमंत आहे.

पण याच आकड्याची दुसरी बाजूही आहे. एका किलोत दोन ग्रॅम धातू धरला, तरी उरलेले ९९८ ग्रॅम निव्वळ दगड आहे.

सोन्याचं कसब इथं का चालत नाही?

महाराष्ट्रात मौल्यवान धातू गाळणारी माणसं नवी नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई बांधव देशभरातल्या सराफ बाजारांत भट्ट्या चालवतात. मूस, टाकणखार आणि तेजाब ही त्यांची हत्यारं. पण त्यांच्याकडे येतो तो दागिना किंवा लगड. त्यात बहुतांश सोनंच असतं, थोडं तांबं आणि चांदी बाजूला काढायची असते.

दुसरे झारेकरी. सोनाराच्या दुकानातली धूळ, राख, गटारातला गाळ धुऊन ते सोनं काढतात. इथं कचऱ्यातूनच सोनं निघतं, मग माती धुऊन प्लॅटिनम का निघू नये? कारण झारेकऱ्याला सापडतो तो सोन्याचा सुटा, जड कण. तो तळाशी बसतो. कन्व्हर्टरमधले कण केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी बारीक असतात आणि ॲल्युमिनाला घट्ट चिकटलेले असतात. कितीही धुतलं तरी ते सुटे होत नाहीत.

राहिली भट्टी. सोनं १०६४ अंशांना वितळतं. पॅलेडियमला १५५५, प्लॅटिनमला १७६८ आणि ऱ्होडियमला १९६४ अंश लागतात. भोवतीच्या थरातलं ॲल्युमिना तर दोन हजार अंशांच्या पुढे वितळतं. सराफ बाजारातली भट्टी यासाठी बनलेलीच नसते.

मोठे कारखाने वेगळा मार्ग घेतात. ते माती दळून एकजीव करतात, तिच्यात चुन्यासारखे पदार्थ मिसळून दगडाचा पातळ रस होईल अशी सोय करतात आणि तांबं किंवा लोखंड घालतात. विजेच्या भट्टीत दीड हजार अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर सगळं वितळतं. वितळलेलं तांबं किंवा लोखंड खाली उतरताना बारीक कण आपल्यात ओढून घेतं आणि दगडाची मळी वर तरंगते. पुढे आम्लांचे बरेच टप्पे करून तिन्ही धातू वेगळे केले जातात.

छोट्या भट्टीत नेमकी हीच मळी दगा देते. उष्णता कमी पडली की ती काकवीसारखी घट्ट होते, कण तिच्यातच अडकतात आणि मळीसोबत फेकले जातात. हाती जो गोळा येतो तो बहुतांश तांब्याचा किंवा शिशाचा. त्यात प्लॅटिनम किती, हे कसोटीच्या दगडावर घासून कळत नाही. त्याचा टंच प्रयोगशाळेतच काढावा लागतो. ऱ्होडियमची तर आणखी एक खोड आहे. सोनं आणि प्लॅटिनम विरघळवणाऱ्या आम्लराजातही ते सहजासहजी विरघळत नाही.

फुप्फुसांचा हिशोब

डबा फोडताना उडणारी धूळ नाकातोंडात जाते. ठोकळ्याभोवती गुंडाळलेल्या चटईचे उष्णतारोधक तंतू श्वासावाटे आत जाणं घातक असतं. तेजाबातून निघणारा तपकिरी वायू फुप्फुसात पाणी साठवू शकतो, आणि त्याचा त्रास कधी कधी काही तासांनी सुरू होतो. प्लॅटिनमच्या क्षारांमुळे कामगारांना दमा जडतो, हे वैद्यकशास्त्राला अनेक दशकांपासून माहीत आहे. शिसं वापरलं तर त्याचा धूर घरातल्या लेकरांपर्यंत पोचतो.

बेल्जियममधल्या होबोकेन इथं युमिकोर कंपनीचा असे धातू परत मिळवणारा जगातला एक मोठा कारखाना आहे. तिथं धूर गाळण्याची आधुनिक यंत्रणा आहे. तरीही २०२० मध्ये शेजारच्या वस्तीतल्या मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण वाढलेलं आढळलं. मग पत्र्याच्या शेडमधल्या भट्टीची काय कथा?

मग यात कमावतं कोण?

हजारो डबे गोळा करून, दळून, तपासून मोठ्या कारखान्याला विकणारा. एका डब्यातल्या मातीनं भट्टीही नीट भरत नाही, म्हणून या धंद्यात जो माल साठवू शकतो तोच टिकतो. आम्लाच्या आणि धातूंच्या कामाला प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगीही लागते. शिवाय चोरीची माती माहीत असून विकत घेतली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणाराही आरोपी होतो.

साध्या गाडीमालकासाठी यातून तीन गोष्टी निघतात. गॅरेजमध्ये सायलेन्सर बदलला तर जुना डबा आपल्यासमोर मोजून घ्यावा, 'भंगार आहे' म्हणून सोडून देऊ नये. गाडी मोडीत काढायची असेल तर ती नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्यावी. त्यासाठीचे नियम २०२१ पासून लागू आहेत. आणि गाडी रात्री बाहेर उभी राहत असेल, तर कन्व्हर्टरखाली लोखंडी जाळी बसवून घ्यावी. नवा सायलेन्सर घेण्यापेक्षा ती बरीच स्वस्त पडते.

त्या डब्यात प्लॅटिनम आहे, यात शंका नाही. पण भट्टीत घातल्यावर ते मळीत हरवतं, आणि धूर तेवढा छातीत राहतो.