मापाची फळी की साच्यातली?

अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीत साच्यातून निघणारा माल आणि गिऱ्हाइकाच्या गरजेनुसार घडवलेला सुटा नग यांतील भेद कोणाला समजावून सांगावा लागत नाही. शेजारच्या उल्हासनगराने तयार जीन्सच्या धंद्यात नाव मिळवले. तरी घरात लग्न निघाले की तोच तयार विजार घालणारा माणूस शिंप्याकडे माप द्यायला जातो. हाच पेच एका अगदी वेगळ्या क्षेत्रात, काइटसर्फिंग या सागरी क्रीडेत उभा राहिला आहे.

मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावरून धावण्याचा हा खेळ गोव्याच्या मोरजी-आश्वे किनाऱ्यावर उन्हाळ्यापूर्वीच्या महिन्यांत, दुपारचा वायव्येचा वारा सुटला की पाहावयास मिळतो. यात रुळलेल्या खेळाडूला लाटांवर जायचे असेल तर सर्फबोर्ड लागतो. तो कारखान्यात तयार झालेला घ्यावा की कारागिराकडून स्वतःसाठी करवून घ्यावा, हा प्रश्न दिसतो तितका हौशी नाही; चूक झाली तर पैसा जातो आणि फळी भर समुद्रात मोडली तर जीवही धोक्यात येतो.

साधा सर्फर हाताने पाणी मारत लाटेपर्यंत जातो, म्हणून त्याची फळी जाड आणि चांगली तरंगणारी हवी. पतंगवाल्याला वारा ओढून नेतो. त्याला इतकी जाडी नको. उलट, उडी मारून उतरताना सारा भार टाचांवर येतो आणि फोमवर फायबरग्लासचे पातळ कवच असलेली सामान्य फळी तेथेच दबते, कधी चिरते. कारखानदारांनी हे ओळखून काइटसाठी अधिक थरांच्या, बांबू किंवा कठीण फोमचे अस्तर असलेल्या फळ्या काढल्या. बळकटीच्या बाबतीत त्यांच्याशी स्पर्धा करणे एकट्या कारागिराला सोपे नाही.

कारागिराची बाजू मात्र दुबळी नाही. खेळाडूचे वजन, पायांतील अंतर, पट्टे लावायचे की नाही, लाट उंच की मवाळ, या साऱ्याचा विचार तो एका फळीत करू शकतो. साच्याला सरासरी माणूस लागतो. आणि सरासरी माणूस किनाऱ्यावर क्वचितच भेटतो.

ऑलिम्पिकने तर दोन्ही पक्षांना मान दिला. २०२४ साली ताहितीच्या लाटांवर झालेल्या सर्फिंगमध्ये खेळाडू आपल्या पसंतीच्या कारागिराने घडवलेल्या फळ्या घेऊन उतरले. मार्सेयच्या काइट शर्यतीत मात्र आगाऊ नोंदलेल्या, कारखान्यात मालिकेने तयार झालेल्या साधनांचीच मुभा होती. शर्यतीत पैशाने वेग विकत घेता येऊ नये, हा त्यामागचा हेतू रास्तच म्हटला पाहिजे.

'हाताने घडवलेली' या शब्दांचा मोह मात्र आवरावा. अमेरिकेतील बहुसंख्य कारागीर ज्या फोमच्या ठोकळ्यांतून फळ्या कोरत, ते एकाच क्लार्क फोम कारखान्यातून येत. ५ डिसेंबर २००५ रोजी तो अचानक बंद झाला आणि कारागीर हवालदिल झाले. आज तर प्राथमिक आकारही बहुधा संगणकाच्या आज्ञेने चालणारे यंत्रच कापते. हात शेवटी फिरतो. दुसरीकडे, थायलंडमधील कोब्रा या एकाच कारखान्यात अनेक नामांकित छापांच्या फळ्या तयार होतात. तेव्हा छापाची जादा किंमत मोजण्यापूर्वी गिऱ्हाइकाने थोडे थांबलेले बरे!

तरीही निवड करायचीच आहे. मापाची फळी मागणाऱ्याला आपले माप ठाऊक असावे लागते, आणि येथे माप म्हणजे केवळ उंची-वजन नव्हे. पहिल्या मोसमात कोणालाही आपण कोठे चुकतो आणि कोठे फळी चुकते हे कळत नाही. अशा वेळी कारागिराकडे गेलेला नवखा आपल्या चुकांचेच माप देऊन येतो. त्याने बळकट तयार फळी, शक्य तर वापरलेली, घ्यावी. असल्या फळीला पुन्हा गिऱ्हाईक मिळते. एका माणसासाठी केलेली फळी दुसऱ्याच्या गळ्यात मारणे कठीण.

दोन-तीन मोसमांनंतर त्याच फळीवर टाचांचे खळगे उमटलेले असतात, एक बाजू दुसरीपेक्षा अधिक झिजलेली असते. मापाची फळी करवून घ्यायचीच झाली, तर कागदावरील आकड्यांबरोबर ती झिजलेली फळीही कारागिरापुढे नेऊन ठेवावी.